आधी पाणी, मग चोथा

स्वयंपाकघरात काचेचे दोन पेले घ्या. एकात चार चमचे पाणी घाला, दुसरा काठोकाठ भरा. दोन्हींत चहाचा एकेक सपाट चमचा इसबगोल टाका, ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. पहिल्या पेल्यात घट्ट गोळा झालेला दिसेल, पेला उलटा केला तरी तो सहजी सुटत नाही. दुसऱ्यात मात्र पातळ पेजेसारखं, ओघळणारं काहीतरी तयार झालेलं असेल. इसबगोल तोच, चमचाही तोच. फरक फक्त पाण्याचा आहे.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेणाऱ्या प्रत्येकानं हा प्रयोग पोटात करण्याआधी ओट्यावर करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. कारण या औषधांनी पोट बिघडलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "चोथा खा, इसबगोल घे, सगळं सुरळीत होईल." हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. कोणता चोथा, किती, कोणत्या दिवशी आणि कशाबरोबर, हा उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही. तो या लेखात पायरीपायरीनं समजून घेऊ.

औषध पोटात काय करतं

टिर्झेपाटाइड हे औषध मौंजारो या नावानं मार्च २०२५मध्ये भारतात आलं. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्ही, त्याच वर्षी जूनमध्ये आलं. दोन्ही आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायची औषधं. दोन्हींचं मूळ आपल्याच आतड्यात तयार होणाऱ्या एका संप्रेरकात आहे. त्याचं नाव जीएलपी-१. आपण जेवलो की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी ते रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देतं आणि जठराला आपलं काम जरा सावकाश करायला लावतं. टिर्झेपाटाइड याच्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

नैसर्गिक जीएलपी-१चं आयुष्य फार थोडं असतं. दोनेक मिनिटांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. सेमाग्लुटाइडचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. जेवणानंतर काही काळापुरता येणारा निरोप आता दिवसरात्र चालू राहतो. भूक मंदावते, वजन उतरतं आणि पोटाच्या तक्रारीही याच वाटेनं येतात.

त्या किती जणांना होतात, याचे आकडे आहेत. सेमाग्लुटाइडची स्टेप-१ ही मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १,९६१ जण होते. औषध घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांना केव्हा ना केव्हा मळमळ झाली, ३१ टक्क्यांना जुलाब, २५ टक्क्यांना उलट्या आणि २३ टक्क्यांना बद्धकोष्ठ झालं. बिनऔषधाचं इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये बद्धकोष्ठाचं प्रमाण साडेनऊ टक्के होतं. बहुतेकांच्या तक्रारी सौम्य किंवा मध्यम होत्या आणि औषधाची मात्रा वाढवण्याच्या काळात त्या जास्त जाणवल्या.

या चार तक्रारी एकाच यादीत असल्या तरी त्यांची जात एक नाही. मळमळ आणि उलटी यांचा संबंध जठराशी आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राशी आहे. बद्धकोष्ठ आणि जुलाब हा आतड्यातल्या गतीचा आणि पाण्याचा प्रश्न आहे. चोथ्याचा, म्हणजे तंतूंचा, उपयोग मुख्यतः या दुसऱ्या जोडीला होतो. पहिल्या जोडीत ते फारसे कामाचे नाहीत, उलट अवेळी खाल्ले तर त्रास वाढवतात. एवढा एक भेद लक्षात ठेवला तरी निम्म्या चुका टळतील.

बद्धकोष्ठ होतं कसं

दिवसभरात आपल्या आतड्यात सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव उतरतो. त्यात आपण प्यायलेलं पाणी दोनेक लिटर असतं. बाकीचा द्रव म्हणजे लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यातले स्राव. लहान आतडं त्यातला बहुतेक भाग परत शोषून घेतं. मोठ्या आतड्यापर्यंत लिटर-दीड लिटर पोचतो आणि शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर जातो. मऊ शौचात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं. हे प्रमाण थोडंसं घटलं तरी शौच कडक होतं.

मोठं आतडं पाणी शोषण्यात पटाईत आहे. त्याच्यात मळ जितका जास्त वेळ थांबेल तितका कोरडा होत जाईल. इंजेक्शन घेणाऱ्याच्या बाबतीत इथे तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, आतड्याची चाल मंद होते. दुसरी, खाणंच निम्म्यावर आल्यामुळे पुढे ढकलण्याजोगा चोथा तयार होत नाही. तिसरी, पोटात जाणारं पाणी घटतं. आपण पाणी फक्त पितो असं नाही, खातोही. आमटी, रसभाजी, ताक, फळं यांतून बरंच पाणी पोटात जातं. ताट लहान झालं की ते पाणीही कमी होतं आणि जेवताना प्यायचा तांब्याही तसाच राहतो. पोट सतत भरलेलं वाटत असल्यामुळे पाणी प्यायची आठवणच होत नाही.

अशा वेळी कोरडा चोथा पोटात ढकलला तर ओट्यावरच्या पहिल्या पेल्यासारखी गत होते. म्हणून आधी पाणी, मग चोथा. हा क्रम उलटा करू नका. बहुतेक प्रौढांनी दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी आणि इतर पेयं घोट घोट घेत राहावीत. जठर मंदावलेलं असताना एका दमात पेलाभर पाणी प्यायलात तर मळमळेल. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे त्यांनी हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

तंतू एक नाहीत

आपल्या पचनरसांना फोडता न येणारा वनस्पतींचा भाग म्हणजे तंतुमय पदार्थ, फायबर किंवा घरच्या भाषेत चोथा. इंग्रजीतला 'डाएटरी फायबर' हा शब्द १९५३ साली हिप्सली यांनी प्रथम वापरला. त्याला खरं महत्त्व आलं ते १९७०च्या दशकात. युगांडात अनेक वर्षं शस्त्रक्रिया केलेले आयरिश डॉक्टर डेनिस बर्किट आफ्रिकेतल्या खेड्यांतला आहार, तिथल्या लोकांच्या शौचाचं वजन आणि अन्न शरीराबाहेर पडायला लागणारा वेळ यांची ब्रिटनमधल्या लोकांशी तुलना करत होते. भरपूर चोथा खाणाऱ्यांचं शौच वजनानं जास्त होतं आणि ते लवकर बाहेर पडत होतं. त्यानंतर चोथ्याला टाकाऊ समजणं थांबलं.

पण या एका शब्दाखाली निरनिराळ्या स्वभावाचे पदार्थ बसतात. आपल्या कामापुरते त्यांचे तीन गट करू.

पहिला गट भरड, न विरघळणाऱ्या चोथ्याचा. गव्हाचा कोंडा, भाज्यांच्या शिरा, फळांच्या साली, कडधान्यांची टरफलं. हे कण पाणी फारसं धरून ठेवत नाहीत. आतड्याच्या आतल्या भिंतीला ते घासून जातात, त्यामुळे भिंत पाणी आणि श्लेष्मा सोडते आणि मळ पुढे सरकतो. म्हणून इथे कण जाड असणं महत्त्वाचं. कोंडा अगदी बारीक दळला तर हा परिणाम मिळत नाही, शौच उलट घट्ट होऊ शकतं.

दुसरा गट बुळबुळीत, पाणी धरून ठेवणाऱ्या तंतूंचा. इसबगोल यात अव्वल. शिवाय जवस, सब्जा, मेथीदाणे, भेंडी, ओट्स आणि जव. यांच्यापैकी इसबगोलाचा एक विशेष गुण आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला फारसं आंबवत नाहीत. त्यामुळे त्यानं धरलेलं पाणी शेवटपर्यंत टिकतं आणि गॅसही कमी होतो.

तिसरा गट चटकन आंबणाऱ्या तंतूंचा. कांदा आणि लसूण यांच्यातलं इन्युलिन आणि कडधान्यांमधल्या काही शर्करा या कामात पुढे असतात. जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. त्यातून आतड्याच्या पेशींना पोसणारी आम्लं तयार होतात, आणि हीच आम्लं आतड्याला थोडं जीएलपी-१ सोडायलाही उद्युक्त करतात. इंजेक्शन ज्या संप्रेरकाची नक्कल करतं त्याला चोथाही थोडीफार चालना देतो. इंजेक्शनाची जागा घेण्याइतकी ती नसते, पण शरीराची ही दोन कामं एकमेकांना किती जवळची आहेत हे त्यातून कळतं. अडचण अशी की आंबताना गॅस होतो, आणि आतड्याची चाल मंद असताना तो गॅस जागच्या जागी कोंडतो. पहिल्या महिन्यात 'प्रीबायोटिक' म्हणून विकली जाणारी इन्युलिनची भुकटी किंवा वाडगाभर छोले घेतल्यावर पोट नगाऱ्यासारखं का फुगतं, याचं कारण हे आहे.

तक्रार ओळखून तंतू निवडा

बद्धकोष्ठ असेल तर दुसऱ्या गटापासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ साली जुनाट बद्धकोष्ठासाठी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. पूरक तंतूंपैकी इसबगोलाच्या बाजूनं सर्वांत जास्त पुरावा आहे, आणि त्याबरोबर पुरेसं पाणी हवं, असं त्यांत म्हटलं आहे. त्या सूचना सर्वसाधारण बद्धकोष्ठासाठी आहेत, पण पाणी धरून मळ मऊ ठेवण्याची कृती इंजेक्शन घेणाऱ्याच्या आतड्यातही तशीच घडते.

जुलाब होत असतील तरी हाच इसबगोल चालतो, आणि यात विसंगती काही नाही. तो सुटं पाणी आपल्यात ओढून घेतो आणि पातळ मळाला आकार देतो. आपल्या घरांमध्ये बद्धकोष्ठाला इसबगोल कोमट पाण्यातून किंवा दुधातून आणि जुलाबाला दह्यातून देण्याची पद्धत आहे. दह्यातून घेतला तर त्याच्याबरोबर पाणी कमी जातं, म्हणून आतड्यातलं सुटं पाणी शोषायला त्याला वाव राहतो. मात्र जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार जात असतात. मीठ-साखरेचं पाणी, ताक, पेज दिवसभर वेगळं घेत राहा. दह्यातला इसबगोलही घट्ट गोळा करून गिळू नका, सैल कालवून खा. आणि जुलाबांबरोबर सुका मेवा, कच्ची कोशिंबीर आणि 'शुगर-फ्री' गोळ्या-चॉकलेटं काही दिवस बंद ठेवा. त्यातल्या गोडव्याच्या काही द्रव्यांनी जुलाब वाढतात.

मळमळत असेल तर त्या दिवशी तंतूंची मात्रा वाढवू नका. चोथा जास्त असलेलं अन्न जठरात जास्त वेळ राहतं, आणि इथे जठर आधीच सावकाश चाललेलं आहे. त्यातही कच्चा, दोरेदार चोथा सगळ्यात त्रासदायक. अशा दिवशी मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दुधीची किंवा पडवळाची मऊ शिजलेली भाजी, भाताची पेज, ताक एवढंच थोडं थोडं घ्या. तळलेलं, तुपकट टाळा, कारण स्निग्ध पदार्थही जठर रिकामं व्हायला वेळ लावतात. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की हात आखडता घ्या. पानात टाकू नये ही आपली शिकवण चांगली आहे, पण या काळात ती पाळायची तर आधीच कमी वाढून घ्यावं लागेल.

मात्रा चढवण्याची रीत

ही औषधं सुरुवातीलाच पूर्ण मात्रेत देत नाहीत. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड पाव मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी अर्धा, एक, १.७ असं चढत २.४ मिलिग्रॅमपर्यंत जातं. टिर्झेपाटाइड अडीच मिलिग्रॅमनं सुरू करतात आणि तेही निदान चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांनी वाढवतात. शरीराला सवय व्हावी म्हणून हे. तंतूंनाही तोच न्याय लावा. त्यांची मात्राही अशीच टप्प्याटप्प्यानं चढवायची असते, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

शक्य असेल तर पहिल्या इंजेक्शनाआधी दोन आठवडे सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात काही बदलू नका. नेहमीचं जेवण चालू ठेवा, पाणी मोजा, शौचाची वेळ आणि स्वरूप टिपून ठेवा. औषध घेण्याआधीच आपल्याला बद्धकोष्ठ होतं, हे अनेकांना या आठवड्यात पहिल्यांदा कळतं. दुसऱ्या आठवड्यात पाणी पुरेसं करा आणि रोज चारेक ग्रॅम तंतू वाढवा. एका लहान ज्वारीच्या भाकरीत एवढे तंतू मिळतात. त्यानंतर दर आठवड्याला तीन ते पाच ग्रॅमच वाढवा. पोट फुगलं, गॅस वाढला, तर आणखी आठवडाभर त्याच पायरीवर थांबा.

औषधाची मात्रा वाढवली त्या आठवड्यात तंतूंची वाढवू नका. दोन्ही एकदम वाढवलं आणि पोट बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही. आठवड्याच्या आतही एक लय सांभाळावी लागते. सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण टोचल्यानंतर एक ते तीन दिवसांत सर्वांत वर जातं, म्हणून अनेकांना हे दिवस जड जातात. शनिवारी इंजेक्शन घेत असाल तर रविवार आणि सोमवार मऊ जेवणाचे ठेवा. उसळ, पेरू, कोशिंबीर यांना बुधवार ते शुक्रवारची जागा द्या. पाणी मात्र सातही दिवस तेवढंच.

लहान ताटात वीस ग्रॅम

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला निदान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचवले. अमेरिकेत हिशोब उष्मांकांवर आहे: दर हजार कॅलरींमागे १४ ग्रॅम. इंजेक्शनावर असलेला माणूस बाराशे-तेराशे कॅलरी खात असेल तर या हिशोबानं १७-१८ ग्रॅम होतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वीस ग्रॅम गाठले आणि पुढे जमेल तसे पंचविसाकडे गेलात तर उत्तम.

भूक अर्धी असताना वीस ग्रॅम कसे भरायचे? ताट मोठं करता येत नाही, म्हणून ताटातला प्रत्येक पदार्थ कामाचा निवडावा लागतो. यासाठी परदेशी पाकिटं लागत नाहीत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, बाजरी आणि नाचणीत अकरा, अख्ख्या मुगात सतरा. पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात.

एका दिवसाचा हिशोब मांडून पाहू. सकाळी दोन मोठे चमचे नाचणीच्या पिठाची ताकातली आंबील: दोन ग्रॅम. दहा-अकरा वाजता अर्धा पेरू: तीन ते चार. दुपारी चाळीस ग्रॅम पिठाची एक लहान ज्वारीची भाकरी: चार. मोड आलेल्या मुगाची अर्धी वाटी उसळ, चांगली मऊ शिजलेली: तीन. वाटीभर दुधीची भाजी: दोन. भाकरीबरोबर चमचाभर जवसाची चटणी: सव्वा ग्रॅम. रात्री मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, थोडी: अडीच ते तीन. त्यात मूठभर पालक चिरून घातला तर आणखी दीड. बेरीज वीस ग्रॅमच्या आसपास येते, आणि यातलं काहीही घासभर जास्त नाही.

काही बारकावे लक्षात ठेवा. कडधान्यं रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी टाका, मोड आणा आणि पूर्ण शिजवा. त्यामुळे गॅस करणाऱ्या शर्करा कमी होतात. आधी मूग, मग मटकी, आणि राजमा, छोले, वाल पोट रुळल्यावर. गिरणीतून आणलेली कणीक बारीक चाळणीनं चाळून कोंडा फेकू नका. जवस भाजून भरड कुटा, अख्खं गिळलं तर पुष्कळदा तसंच बाहेर पडतं. पेरूच्या बिया आणि साल जड वाटत असतील तर पिकलेली पपई घ्या. ताटात वाढताना उसळ, वरण, दही, अंडं किंवा मासा यांना पहिलं स्थान द्या, कारण वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिनं लागतात. चोथ्यानं पोट भरून प्रथिनं मागे राहिली तर तो सौदा तोट्याचा आहे.

इसबगोल घेताना

इसबगोल म्हणजे प्लांटॅगो ओव्हाटा या रोपाच्या बियांवरचं पातळ साल. ते गुजरात आणि राजस्थानात पिकतं आणि उत्तर गुजरातेतलं उंझा हे त्याच्या व्यापाराचं मोठं केंद्र आहे. नाव फारसीतून आलं, अर्थ घोड्याचा कान, बियांच्या आकारावरून. औषधकोशांच्या निकषानुसार चांगल्या प्रतीचं एक ग्रॅम साल पाण्यात फुगून निदान चाळीस मिलिलिटर जागा व्यापतं. म्हणजे पाच ग्रॅमला दोनशे मिलिलिटर, बरोबर एक पेला. 'एका मात्रेला एक पेला पाणी' हा नियम या मोजमापाशी जुळतो.

सुरुवात सुमारे दोन ग्रॅमनं करा. चमच्याचा अंदाज फसवा असतो, साल हलकं असतं. घरातल्या काट्यावर एकदा मोजून आपल्या चमच्यात किती मावतं ते पाहून ठेवा. पेलाभर पाण्यात घालून ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत प्या. वर पुन्हा अर्धा पेला पाणी घ्या. पेलाभर पाणी एकदम झेपत नसेल तर मात्राही निम्मी करा, नुसतं पाणी निम्मं करू नका. आठवड्यानं चार ग्रॅम, गरज वाटली तर पुढे तेवढंच दिवसातून दोनदा. परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात. आज घेतलं आणि उद्या सकाळी काही झालं नाही म्हणून दुप्पट घेऊ नका.

कोरडं साल तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी ते घेऊच नये. झोपायच्या तोंडावर घेऊ नका. इतर औषधांच्या शोषणात अडथळा येऊ नये म्हणून मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर इसबगोल संध्याकाळी घ्या. सेमाग्लुटाइडची गोळीही सकाळी उपाशीपोटी, १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही एवढ्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं. ती इसबगोलाबरोबर कधीच नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तंतू वाढवताना साखर जास्त वेळा तपासा.

पाकिटाची मागची बाजू वाचा. चवीच्या इसबगोलात पुष्कळदा साखर असते. 'पोट साफ' करणाऱ्या अनेक चूर्णांमध्ये सोनामुखी असते. सोनामुखी तंतूंसारखी वागत नाही, ती आतड्याला डिवचून जुलाब करवते. कधीमधी तिची गरज पडते, पण रोजच्या रोज स्वतःच्या मनानं घ्यायची ती वस्तू नाही. दोन आठवडे पाणी, चालणं आणि तंतू नीट सांभाळूनही शौचाला कडक होत असेल तर डॉक्टरांना सांगा. आतड्यात पाणी धरून ठेवणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी औषधं त्यासाठी आहेत, आणि ती घ्यावी लागली म्हणजे आपण कुठे कमी पडलो असं मुळीच नाही.

केव्हा थांबायचं

काही प्रसंगी चोथा वाढवणं धोक्याचं असतं. पोट फुगून टणक झालं आहे, वायूसुद्धा सरत नाही, वर उलट्या होत आहेत: अशा वेळी इसबगोल, चूर्ण, एरंडेल काहीही देऊ नका, सरळ रुग्णालय गाठा. आतड्याची हालचाल थांबण्याची ही लक्षणं असू शकतात. पोटाच्या वरच्या भागात जोराची, न थांबणारी, पाठीत जाणारी कळ हे स्वादुपिंडाला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे होणं पित्ताशयाकडे बोट दाखवतं. शौचातून रक्त, दिवसभर पाणीही पोटात न टिकणं, लघवी गडद आणि अगदी थोडी होणं, यांपैकी कशासाठीही दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मधुमेहामुळे ज्यांचं जठर आधीच मंद आहे, किंवा ज्यांच्या आतड्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तंतू वाढवण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनाबद्दल सांगायला विसरू नका. उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेलं असू शकतं.

एक साधी वही ठेवा. रोज चार नोंदी: इंजेक्शनाला किती दिवस झाले, किती पेले पाणी, तंतूंचे मुख्य पदार्थ, आणि शौच कसं झालं. चार आठवड्यांनी पानं उलटून पाहिलीत की तुमच्या पोटाची लय डोळ्यांसमोर येईल. सोमवारी मळमळ, गुरुवारी हलकं वाटणं, पाणी सहा पेल्यांवर घसरलं की दोन दिवसांनी शौचाला कुंथावं लागणं. पुढची मात्रा वाढवायची, आहे तीच ठेवायची की उतरवायची, हे ठरवताना डॉक्टरांना या पानांचा खरा उपयोग होतो.

आपल्याकडे शौचाविषयी बोलायला माणसं लाजतात. वजन किती उतरलं हे सगळ्यांना सांगतात आणि चार दिवस पोट साफ झालेलं नाही हे डॉक्टरांपासूनही लपवतात. मग एक दिवस कंटाळून चांगलं लागू पडलेलं औषध सोडून देतात, किंवा त्रास अंगावर काढत राहतात. यातली पुष्कळशी कुचंबणा पेलाभर पाण्यानं, एका भाकरीनं आणि चमचाभर धीरानं टळू शकते. म्हणून पुढच्या भेटीला जाल तेव्हा वजनाच्या आकड्याबरोबर ती वहीही टेबलावर उघडून ठेवा, आणि बोलायला सुरुवात शौचापासून करा.